रात्रपाळी

आई नाही, म्हणून बाळंतपणाला
आप्पांकडे आले. बोपोडीत दोन खोल्या,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
टाके धरून पायऱ्या चढले तेव्हा
ते मागून येत होते, हात न लावता,
दारूगोळ्याच्या पेटीमागून चालावं तसे.

बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात.
काय किती ग्रॅम, काय कोरडं ठेवायचं,
कशाजवळ काडी ओढायची नाही,
सगळं त्यांना पाठ.
डिंक काट्यावर तोलला,
तुपात एकेक खडा फुलेपर्यंत उभे राहिले,
तरी लाडू वळले नाहीतच.
वाटीत भुगा दिला, मी चमच्यानं खाल्ला.
आतून नाशिकला मावशीला फोन:
"पाक पुढं गेला, की गूळच तसला?"

सकाळी दापोडीहून अनसूयाबाई येतात.
पाय पसरतात, त्यावर बाळ पालथं,
साय, हळद, डाळीचं पीठ,
टाळूवर तेल थापतात टपटप.
आप्पा तेवढा वेळ जिन्यात.
मग माझी कंबर, माझ्या पोटऱ्या. पोट सोडून.
"सीझरला लोक बाळंतपण म्हनत नाहीत.
न म्हनू दे. कापलंय कुनाला?"
धुरी बाळाला नको, डॉक्टरांनी बजावलंय,
म्हणून ओव्याचा धूर मी एकटीच घेते
आणि जिन्यातून आप्पा खोकतात.

आणि वही.
कारखान्यातली, लाल कापडी पाठीची,
वेळ, नोंद, सही असे रकाने आखलेली.
कावीळ उतरेपर्यंत दूध किती वेळा,
लंगोट किती ओले, लिहून ठेवा म्हणाल्या डॉक्टर.
झालं. तेव्हापासून रात्रभर
पडद्यापलीकडे खुर्ची, स्वेटर, घड्याळ.
"कुठली बाजू?" एवढंच विचारतात.
त्यापुढचा शब्द या घरात
कुणी कधी उच्चारलेला नाही.
मी सांगते. पेन वाजतं.

१.१० उ. बारा मिनिटं.
२.५५ डा. बाळ मध्येच झोपलं. टाचेला टिचकी.
४.२० शी. रंग मोहरीचा. समाधानकारक.

प्रत्येक नोंदीपुढे पूर्ण सही.

सतराव्या रात्री उजवीकडे गाठ आली,
दगडासारखी, अंगात ताप.
ती तोंड लावायची, सोडायची, किंचाळायची,
आणि तिच्याकडे बघून मला काहीच वाटेना.
राग नाही. माया तर नाहीच.
फक्त एवढंच, की हिला न्यायला
कोण येणार आहे आणि कधी.
उशी दातात धरून रडले,
आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून.
पलीकडे खुर्ची वाजली. गॅस पेटला.
मग पडद्याच्या कडेनं नुसता एक हात आला,
गरम पाण्यात पिळलेला पंचा घेऊन.
त्या रात्री बाजू विचारली नाही.

सकाळी ते दूध आणायला गेले होते.
वही उघडीच.

३.०५ बाळ रडलं. उ. घेईना.
३.४० मुलगी रडली. शेक दिला.
४.१५ दोघी झोपल्या.

मी मागची पानं चाळली.
पानापानावर बाळ, बाळ, बाळ.
मुलगी एकदाच.
पुढे सही, रोजच्यासारखी.

गाठ गोळ्यांनी गेली. कावीळही उतरली.
शनिवारी चाकणहून तिचा बाप येतो,
रविवारची पाळी त्याची,
तो सही करायला विसरतो
आणि आप्पा सोमवारी त्याला फोन करून सुनावतात.

आता ती माझा आवाज ऐकून मान वळवते.
काल नखं कापताना माझं बोट धरून ठेवलं,
सोडवता सोडवेना, नेलकटर तसंच राहिलं.
मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली.
माया कधी आली, त्याची नोंद नाही.
दिवसा आली असावी.